मोहाखालचा पाचोळा

पानवाले साहेब वारल्याची बातमी पेपरात वाचली, त्या दिवशी मी मोहाच्या पुऱ्या केल्या. डब्याच्या तळाशी मूठभर सुकी फुलं उरली होती, ती भिजवली, उकडली, कुटून कणकेत मळली आणि चांगल्या टम्म फुगलेल्या पुऱ्या तळून काढल्या. सुनेनं विचारलं, "आई, आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही गं, खाव्याशा वाटल्या." पेपरात त्यांचा मोठा फोटो होता, पांढरी दाढी, गळ्यात गमछा, आणि वर लिहिलं होतं की जंगलाशी बोलणारा कलावंत गेला. मी ती बातमी चष्मा पुसून पुसून वाचली. आमच्या गावाचं नाव तिच्यात कुठेच नव्हतं. मग तोच कागद ताटात पसरला आणि पुऱ्या त्यावर तेल निथळायला ठेवल्या. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मला लहानपणी शिकवलेलं आहे. मी बोलले काहीच नाही, पुऱ्या खाल्ल्या. आता मात्र लिहिणार आहे, कारण लिहू नये असं मला कुणी शिकवलेलं नाही.

आमचं घर आलापल्लीच्या रस्त्यापासून आत, बोडीच्या पाळीला लागून. बोडी म्हणजे गावचं लहान तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. आम्ही ढिवर, बाबांचं जाळं त्या पाण्यात आणि धानाचा एक तुकडा तळ्याच्या खाली. अंगणात बांबूवर जाळी वाळत असायची आणि वाऱ्यानं हलली की खालचे शिशाचे मणी एकमेकांवर वाजायचे. घरभर सुक्या मासोळ्यांचा वास, छपराच्या कवेलूंवर वानरांची धावपळ, आणि चुलीपाशी आई आणि पारू आत्याची जुंपलेली. मीठ कुणी जास्त टाकलं, लाखोळीची डाळ कुणी करपवली, कोंबडीनं अंडं कुणाच्या टोपलीत घातलं, यावरून त्या दोघी दिवसभर भांडायच्या आणि भांडता भांडता एकाच ताटलीतली भाजी निवडायच्या. आत्या बाबांची मोठी बहीण. सावली गावाकडे दिलेली होती. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा ती एक लुगडं आणि एक पितळी गंज घेऊन परत आली होती, आणि कशाला आलीस असं तिला आमच्या घरात कुणी विचारू शकलं नाही, त्याचं कारण होतं तिचं मोहाचं झाड.

आमच्याकडे मोहाची झाडं उभी सरकारी जंगलात असतात, पण फुलं उचलायचा हक्क घराघराला वाटलेला असतो. आत्याचं झाड आजोबांनी तिला लग्नात दिलेलं. पाळीच्या पलीकडे, भला मोठा घेर, खाली सपाट जमीन. त्या झाडाची फुलं आमच्या घरात वर्षभर पुरायची. उकडून खायची, भाकरीत घालायची, बैलालाही थोडी द्यायची, आणि उरलेली बाजारात. म्हणून आत्या कधी फुकटचं खात नव्हती. आईनं ताट वाढलं की ती आधी कणगीतल्या फुलांकडे नजर टाकायची आणि मग बसायची. या हक्काला एक नियम होता. फाल्गुनात फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करायची. ज्यानं जाळलं, त्या वर्षी फुलं त्याची, दुसऱ्यानं एकालाही हात लावायचा नाही. आणि जाळलं म्हणजे उचललीच पाहिजेत, कारण फुलं पडून राहिली की अस्वलं गावाच्या कडेला येतात. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी तेव्हा दहावी नापास होऊन घरी बसलेली. माघ संपत आला होता आणि आलापल्लीच्या विश्रामगृहात एक चित्रकार येऊन उतरला. चित्रकार म्हणजे तो कागदावर काढायचा नाही, पानांची चित्रं करायचा, जमिनीवर. मोठ्या शहरात त्याचं नाव होतं आणि मोठे साहेब त्याच्या ओळखीचे होते. त्यानं गावातल्या बायका कामाला लावल्या, सागाची, पळसाची, तेंदूची, कुसुमाची वाळकी पानं टोपल्या भरभरून आणायला. गावानं त्याचं नाव दुसऱ्याच दिवशी पानवाले साहेब करून टाकलं. त्याला जागा हवी होती ती नेमकी आत्याच्या मोहाखालची. आत्या आनंदानं हो म्हणाली. तिला वाटलं, इतक्या बाया मिळून खालचा सगळा पाचोळा गोळा करणार आहेत, बरंच झालं, आपलं काम हलकं होईल.

खरं सांगायचं तर ते काम सुंदर झालं. मी ते माझ्या हातांनी लावलंय, म्हणून सांगते. मधे जवळजवळ काळी पानं, मग तपकिरी, मग तांबडी, मग पिवळी, आणि कडेला अगदी फिकट, जाळी पडलेली, असा झाडाच्या घेराएवढा गोल. साहेब माझ्या मागे उभे राहून सांगायचे, "हे पान उलटं ठेव, पाठ दिसू दे." पानाला पाठ असते हे मी तोवर रोज बघून कधी बघितलं नव्हतं. पुढे मी चित्रं काढू लागले, पोट त्यावर भरलं, त्याची सुरुवात त्या गोलातच झाली. एवढं त्यांचं देणं मी मान्य करते, आणि तरीही त्या माणसाबद्दल माझ्या पोटात जे आहे ते तसूभर कमी होत नाही.

गोल पूर्ण झाल्यावर साहेबांनी त्याभोवती दोरी लावली आणि जंगलाच्या गार्डला पहाऱ्यावर बसवलं. पाहुणे येणार होते. मोहाच्या कळ्या भरत आल्या होत्या, म्हणून आत्या खराटा घेऊन गेली. साहेब गोड बोलले. "बाई, या वर्षी राहू द्या. फुलं माझ्या पानांवर पडतील, तिथेच कुजतील, मातीत जातील. तेच तर माझं काम आहे."

"आन मी खाऊ काय जी?" आत्यानं विचारलं.

"तुम्हाला काहीतरी देऊ ना," ते म्हणाले, आणि कॅमेऱ्याकडे वळले. देऊ म्हणजे काय आणि किती, हे त्यांना सांगावंसं वाटलं नाही आणि आत्यानं विचारलं नाही.

दोन-चार दिवसांनी पहिली तुरळक फुलं पडली. आत्या सकाळी गेली, दोरीखालून वाकून आत शिरली आणि ओंजळभर फुलं पदरात बांधून निघाली. गार्डनं तिला पाळीवर अडवलं. पाणी भरायला आलेल्या बायका उभ्या होत्या, मी उभी होते, साहेब स्टुलावर बसून चहा पीत होते. "चोरी करून राह्यली का व? सोड पदर." आत्या म्हणाली, "माह्या झाडाचे हायेत." गार्ड म्हणाला, "झाड सरकारचं, पानं साहेबाचे. सोड म्हणतो न." आणि तिनं सोडला. पन्नाशीची बाई, गाव जिला मान देऊन पारबताबाई म्हणायचं, तिनं सगळ्यांसमोर पदर झटकला आणि फुलं पाळीच्या धुळीत पडली. साहेबांनी एक शब्द काढला असता तर गार्ड तिथेच गप्प झाला असता. त्यांनी कप खाली ठेवला आणि दुसरीकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहणं मी आजवर विसरलेले नाही.

आत्या घरी येऊन रडली नाही. आईनं आपणहून तिच्या पुढ्यात आंबील ठेवली, तीही न भांडता, त्यावरून काय झालंय ते बाबांना कळलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आत्यानं आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली, चुलीतले निखारे खापरात घेतले आणि मला म्हणाली, "चाल व पोट्टे, खराटा घे." गार्ड नाश्त्याला गेला होता. रीतीप्रमाणे आम्ही आधी गोलाच्या बाहेरून जमीन झाडून घेतली, आग पुढे सरकू नये म्हणून. मग आत्यानं फिकट पानांच्या कडेला निखारा ठेवला. वाळकी पानं होती, किती वेळ लागणार? पिवळं गेलं, तांबडं गेलं, तपकिरी गेलं. मी लावलेली पानं जळताना मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला एवढा आनंद झाला की मी खराटा उंच धरून नाचले.

साहेब धावत आले तोवर मधला काळा भागच राहिला होता. "अहो बाई, हे काय केलंत?" ते ओरडले. गाव जमलं होतं. आत्या पदर सावरून, मान खाली घालून म्हणाली, "चूक झाली जी. मले पाचोळा वाटला." मागून कुणीतरी म्हणालं, "पाचोळाच होता न जी," आणि मग एकेकजण तेच बोलू लागला, म्हाताऱ्यांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत. साहेबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. मग त्यांनी कॅमेरा उचलला आणि धुरातल्या आत्याचे फोटो काढायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं, पुरावा गोळा करतायत, पोलिसात जातील. ते कुठेच गेले नाहीत. सामान बांधून निघून गेले, आणि आत्यानं त्या वर्षी कणगी गच्च भरून फुलं उचलली. बाजारात, लग्नात, बोडीवर, जिथे तिथे लोक एकमेकांना "पाचोळा वाटला जी" म्हणून हसत होते. सूड किती गोड लागतो हे मी त्या उन्हाळ्यात चाखलं.

पावसाळ्यात गार्ड आमच्या घरी आला. हातात एक रंगीत मासिक. "पारबताबाई, तुमचा फोटो आला!" तो इतका खूश होता की आपण हिला चोर म्हणालो होतो हे विसरूनच गेला होता. पानभर आत्या होती, धुरात उभी, हातात खापर, मागे मोह. फोटो अप्रतिम होता. घरात वाचता मला यायचं, म्हणून मी वाचलं. लिहिलं होतं की कलावंतानं हे काम आगीत संपवायचं असंच पहिल्यापासून ठरवलं होतं, जंगलातून घेतलेलं जंगलाच्या हातानं परत करायचं, आणि त्यासाठी त्यानं एका अनाम आदिवासी स्त्रीला बोलावलं होतं. पुढे कुठल्या कुठल्या देशांत तो फोटो लावला त्यांची नावं.

आत्यानं मला पुन्हा वाचायला लावलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मी त्याचं काम करून देलं?"

"तसं लिहिलंय आत्या."

"बोलावलं म्हणते? मले?" तिनं मासिकावर बोट ठेवलं. "आन नाव काऊन नाई लिहिलं? मले काय नाव नाई?"

पदर सोडताना ती रडली नव्हती. आता रडली. तिचा सूड त्यानं उचलून नेला होता आणि चौकटीत बसवून विकला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, मी मासिक फाडायला घेतलं, पण आत्यानं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि आढ्याला खोचून ठेवलं. ती म्हणाली, "येईन तो. येईनच पाह्य."

आजकाल माझ्याकडे तरुण चित्रकार मुलं-मुली येतात. कुणी खाणीच्या ढिगाऱ्यावर उगवणाऱ्या गवताची चित्रं करतं, कुणी सागाच्या सालीचे ठसे घेतं, कुणी बियांचे पडदे विणतं. त्यांतली काही फार चांगली आहेत, त्यांचं काम पाहून मला हेवाही वाटतो. त्यांना झाडांविषयी बोलायचं असतं, झाडाला वेदना होतात का, झाड बोलतं का. मी ऐकून घेते आणि विचारते, "झाड कुणाचं आहे?" ती गोंधळतात. म्हणतात, झाड कुणाचंच नसतं. मी चहा देते आणि म्हणते, आधी जाऊन विचारून या, मग आपण बोलू. काहीजण परत येत नाहीत.

तर तो आला. पुढच्याच माघात, दोन जीपा, फिल्मचा कॅमेरा, चार-पाच पाहुणे, आणि आत्यासाठी रेशमी साडी. त्याला तेच सगळं पुन्हा करायचं होतं, आणखी मोठा गोल, आणि या वेळी आग फिल्मवर घ्यायची होती. या वेळी पानं लावायला गावातलं कुणी गेलं नाही, तेव्हा त्यानं बाहेरून माणसं आणली. आत्यानं साडीला हात लावला नाही. संध्याकाळी तिनं आमच्या अंगणात बायांना बोलावलं. बाया पेटलेल्या होत्या. कुणी म्हणाली पानांवर शेण टाकू, कुणी म्हणाली गुरं सोडू, मी म्हटलं त्याचा कॅमेरा बोडीत फेकते. आत्या सगळं ऐकून म्हणाली, "जे काई करान, ते हा घेऊन जाते. शेण टाकलं तं शेणाचा फोटो काढीन. म्हणून काईच करू नोका. पाहा बी नोका तिकडे."

आणि गावानं तिकडे पाहिलं नाही. बायका पाण्याला दुसऱ्या वाटेनं गेल्या. पोरांना आयांनी कान पिरगळून घरात बसवलं. साहेब रोज आमच्या दारात यायचे. "बाई, मागच्या वर्षीसारखं, फक्त निखारा ठेवायचा." आत्या जाळं विणत बसलेली असायची. "नाई जी. ते चुकून झाल्तं. आता मले समजते, तो पाचोळा नोहो." असं रोज. साहेबांचं गोड बोलणं दिवसागणिक आंबट होत गेलं. पाहुणे कंटाळले, कळ्या फुगल्या, आणि एका दुपारी साहेबांनी घासलेट शिंपडून गोल स्वतःच पेटवला. मी पाळीआडून पाहिलं आणि धावत घरी आले. आत्या मासोळ्या साफ करत होती.

"पेटोलं त्यानं?"

"हो."

"सोताच्या हातानं?"

"मी पाहिलं ना!"

आत्यानं विळा खाली ठेवला आणि हसली. तिला एवढं मोठ्यानं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिनं गावातल्या जुन्या माणसांना बोलावलं आणि सरळ विचारलं, मोहाखाली ज्यानं जाळलं झाड त्याचं, का नाही? माणसं चुळबुळली. बाबा म्हणाले, "बाई, मंग तू खाशीन काय?" आत्या म्हणाली, "तुयं खाईन, भाऊ. एक वरीस." माझ्या बापाला त्या वाक्याचा अर्थ कळला आणि त्यांनी मान खाली घातली. जुन्या माणसांनी हो म्हटलं.

फुलं जोरात पडायला लागली त्या पहाटे आत्या आलापल्लीला विश्रामगृहावर जाऊन उभी राहिली, मागे अर्धं गाव. "साहेब, उठा जी. तुमचे फुलं पडून राह्यले." साहेबांना ती गंमत वाटली. आमच्या रीतीनं त्यांना झाड मिळालंय हे ऐकून ते भारावले, कॅमेरेवाल्याला उठवलं आणि टोपली घेऊन वाकून फुलं उचलायला लागले. मोहाची फुलं उचलणं म्हणजे ऊन चढेस्तोवर कमरेत मोडून राहणं. गाव पाळीवर बसून पाहत होतं, कॅमेरा सगळं टिपत होता. थोड्याच वेळात साहेब गुडघ्यावर आले, मग बसून सरकू लागले, आणि बायका खदाखदा हसल्या. कुणीतरी ओरडलं, "ते राह्यलं पाहा जी, मांगं!" दुसऱ्या पहाटे ते कण्हत आले. तिसऱ्या पहाटे दार उघडेनात. मधल्या काळात अस्वलानं झाडाकडे फेरी मारली होती, आणि गार्डच्या वरच्या जंगल-साहेबानं गार्डलाच तिथे रात्रभर पिंप बडवत बसवलं होतं. सकाळी त्याचे तारवटलेले डोळे पाहून मला जेवण गोड लागलं.

साहेब शेवटी दार लोटून विश्रामगृहाबाहेर आले. "बाई, संपवा हे. तुमचं झाड तुम्ही घ्या."

"घेतो न जी. पन असं नाई." आत्यानं कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "त्याच्यात पाहून बोला, का झाड पारबताबाईचं हाय. मांगच्या साली जाळलं ते बी तिनंच, तिच्या मनानं. तुमी नोहतं सांगितलं. येवढं बोला, मी आत्ता टोपली उचलतो."

एवढंच बोलायचं होतं. पाहुणे साहेबांकडे पाहत होते, कॅमेरेवाला पाहत होता, गाव पाहत होतं. तिकडे झाडाखाली फुलांचा थर पडला होता आणि ऊन चढत होतं. साहेबांनी तोंड उघडलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. मग ते जीपमध्ये जाऊन बसले. त्या दुपारी दोन्ही जीपा गेल्या. ती फिल्म त्यांनी जन्मात कुठे दाखवली नाही. मी पुढे शहरात राहून, चित्रकारांत वावरून, मुद्दाम चौकशी करत राहिले, आणि नाही असं उत्तर आलं की प्रत्येक वेळी मला बरं वाटलं.

फुलं पडत राहिली. कुणी त्यांना हात लावला नाही, आत्यानंही नाही. साहेबांना हवं होतं तशी ती तिथेच कुजली, फक्त बघायला ते नव्हते. वारा फिरला की तो आंबूस वास पाळीवरून थेट आमच्या घरात यायचा. अशाच एका दुपारी आम्ही जेवायला बसलो. कणगी रिकामी होती. आईनं भात आणि मासोळ्यांचं कालवण वाढलं, आत्याच्या ताटाशी थांबली आणि पळी हातात धरून म्हणाली, "खा न व बाई. कोन तुयं ताट हिसकून राह्यलं?"

वास आत येत होता. आत्यानं तो खोल श्वास घेऊन ओढला आणि ताट पुढे सरकवलं.

"वाढ व वहिनी," ती म्हणाली, "अजून वाढ. आज मले लय भूक लागली."